नदीकाठची जागा आणि माझं नाव

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर दोन वेडं लागली. एक, सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करण्याचं. आणि दुसरं, कोकणात जागा घेण्याचं. पहिल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसऱ्याची हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे.

तसं पाहिलं तर वेड मलाच अधिक लागलं. झालं असं, की लालबागच्या नाक्यावर कुणीतरी ह्यांच्या हातात एक कागद दिला. ‘सावित्री नदीकिनारी खासगी जागा. नैसर्गिक गरम पाण्याचे झरे पायी अंतरावर.’ ह्यांनी तो कागद डाळ निवडता निवडता माझ्यापुढे धरला आणि माझी डाळ तशीच राहिली. महाडजवळचं सव! माझं माहेर मंडणगड तालुक्यातलं. लहानपणी मला खरूज झाली तेव्हा आई म्हाप्रळहून भरतीच्या पाण्यावर होडीत घालून मला सवच्या उन पाण्यात आंघोळ घालायला घेऊन गेली होती. खरूज त्या पाण्यानं गेली की वैद्यांच्या मलमानं, देव जाणे. पण थंडीच्या सकाळी जमिनीतून वाफाळतं पाणी वर येताना पाहिलेलं मी विसरले नव्हते.

पैसेही माझेच होते. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्याचा फंड आणि ग्रॅच्युइटी. मुलीचं लग्न झालं, चाळीच्या जागी इमारत होऊन त्यातली खोलीही मिळाली. आता एकदा तरी कशावर तरी आपलं नाव असावं, असं फार वाटत होतं. चाळीची भाडेपावती सासऱ्यांच्या नावाची, नवा ब्लॉक ह्यांच्या नावाचा. “ही जागा माझ्या नावावर घ्यायची,” असं मी म्हटलं. हे लगेच “हो” म्हणाले. त्या बाबतीत माणूस सरळ आहे.

डिसेंबरात परळहून एस.टी. धरली, महाडला उतरलो. दलाल मोटारसायकल घेऊन पुढे, आम्ही रिक्षात मागे. जागा पाहिली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. बारा गुंठे. वर दोन आंबे, खाली उतरत गेलेला काठ आणि समोर संथ सावित्री. आंब्याच्या बुंध्यावर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाचा फिकट पट्टा होता. २२ जुलै २०२१ ला सगळं महाड पाण्याखाली गेलं, तेव्हाची ती खूण. “शंभर वर्षांत एकदाच येतं हो,” असं दलाल म्हणाला. २००५ चा पूर तो विसरला असावा.

एवढ्यात काठावरून तीन बायका आल्या, डोक्यावर कपड्यांच्या बादल्या. जागेच्या मधोमध पायवाट होती, तिच्यावरून झऱ्याकडे निघाल्या. “कुंपण घातलंत की हे बंद,” दलाल आमची समजूत काढत म्हणाला. त्यांच्यातल्या म्हातारीनं ते ऐकलं. थांबून मला म्हणाली, “तुमी घेताव काय, बाय? मंग आमी खयसून जावचा?”

मला उत्तर सुचलं नाही. मी नुसतीच हसले. असं हसणं आपल्याला चांगलं जमतं.

परतताना बसला वेळ होता म्हणून चवदार तळ्यावर जाऊन बसलो. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन इथं आले आणि ओंजळीनं पाणी प्याले. तळं सार्वजनिक असल्याचा निकाल उच्च न्यायालयातून मिळायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं! दरवर्षी चौथीच्या वर्गाला मी हा धडा शिकवत आले. आणि आज माझ्या पर्समध्ये बयाण्याच्या चेकबुकाशेजारी एका पायवाटेवर कुंपण घालायचा विचार होता. ह्यांना काही बोलले नाही. हेही काही बोलले नाहीत.

बयाणा देण्याआधी दादरला एका ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाची पोर. पण तिनं जे सांगितलं ते, मैत्रिणींनो, तुम्हीही लिहून ठेवा. कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे, नदी विकत मिळत नाही. नदीचं पात्र, ओढ्यांचं पात्र सरकारच्या मालकीचं. जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. आपली हद्द काठापाशी संपते. दुसरं, पूररेषा पाहा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायची परवानगी मिळत नाही. तिसरं, भरतीचं पाणी नदीत जिथवर शिरतं, तिथवर काठाला किनारपट्टीचा कायदा लागू होतो. सीआरझेड म्हणतात तो. चौथं, सात-बारा उतारा नुसता चाळू नका. ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. कुळाचं नाव, बोजा, बहिणींचे हक्क तिथेच लपलेले असतात. वहिवाटीची वाट कागदावर नसली म्हणून तिचा हक्क नाही असं समजू नका. आणि ‘एन.ए. होणार आहे’ ह्यातल्या ‘होणार’वर एक रुपयाही देऊ नका.

“ही जागा अजून शेतजमीन आहे, काकू,” उतारा बघत ती म्हणाली. “बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. कलेक्टरची परवानगी लागते. तुमच्यात कुणाच्या नावावर शेती आहे?”

ह्यांनी मान हलवली. सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपात घरात आठ माणसं खाणारी. संप लांबत गेला तशी त्यांनी गावची जमीन विकली. त्या जमिनीवर आमची चूल वर्षभर पेटली, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायला आम्हाला तोंड नाही.

“आणि काकू, तुमच्या माहेरी?”

माहेरी होती. अजूनही आहे. १९९६ साली बाबा गेले, तेव्हा तलाठ्यानं वारसांत माझंही नाव चढवलं होतं. पुढच्या मे महिन्यात दोघा भावांनी मला मंडणगडला नेलं आणि हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. जबरदस्ती कुणीच केली नाही. आई नुसती माझ्याकडे बघत होती, की पोरीनं वाकडं बोलू नये. थोरल्यानं मोरपंखी साडी दिली, वहिनीनं ओटी भरली. माहेरची वाट चालू राहावी म्हणून मी सही केली. आपल्यातल्या कितीजणींनी ह्याच कारणासाठी केली असेल!

“मग भाऊ एक-दोन गुंठे मला परत देईल की,” मी म्हटलं. स्वतःच्या आवाजातली आशा मलाच ऐकू आली.

“नोंदवलेलं हक्कसोडपत्र आपोआप परत फिरत नाही, काकू. आणि त्यांनी बक्षीसपत्रानं द्यायचं म्हटलं, तरी तेच कलम आडवं येतं. तुम्ही आता शेतकरी नाही.”

शेतकऱ्याची लेक, पण शेतकरी नाही. माझंच नाव, मीच पुसलेलं. मी पर्समधला रुमाल शोधत राहिले.

दलालाला कळवलं, तर तो म्हणाला, “त्यात काय, शेतकरी दाखला मी काढून देतो.” असा व्यवहार पुढे उघडकीला आला तर जमीन सरकारजमा होऊ शकते, हे वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं. ह्यांनी फोन ठेवून दिला. जागा आम्ही घेतली नाही.

गोष्ट इथंच संपती तर मी लिहायला बसले नसते. थोरला भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. जागेचं बारगळल्यावर दोनच महिन्यांनी भाचीचा फोन आला. “आत्या, दादा म्हणतोय हक्कसोडावर सही कर. आई म्हणते, तुझ्या आत्यानंही केली होती.”

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. माझी सही तिच्यापुढे दाखला म्हणून ठेवली जात होती. मी तिला सगळं सांगितलं. २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला आहे. आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे, तेही सांगितलं. “सही करायची की नाही ते तू ठरव. पण साडीकडे बघून ठरवू नकोस.”

तिनं सही केली नाही. तिच्या दादानं माझ्याशी बोलणं टाकलं. ‘आत्यानं लेकीला बिघडवलं’ असं वहिनी गावभर सांगते. गणपतीला ह्या वर्षी बोलावणं आलं नाही. जी वाट चालू राहावी म्हणून मी सही केली होती, ती भाचीनं सही न केल्यानं बंद झाली. वाईट वाटतं. रात्री झोप लागत नाही कधीकधी. तरी तिला सांगितल्याचा पश्चात्ताप होत नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा सवला गेलो. एस.टी.चं तिकीट आणि बरोबर पोळी-भाजीचा डबा, एवढाच खर्च. बारा गुंठे अजून विकले गेलेले नाहीत, कुंपणही पडलेलं नाही. त्याच पायवाटेवरून झऱ्यावर गेलो. म्हातारी तिथे कपडे धूत होती. तिनं मला ओळखलं.

“घेतलीव काय जागा?” तिनं विचारलं.

“नाही हो.”

“बरा झाला,” ती म्हणाली आणि पाय सोडायला बाजूला सरकून मला जागा करून दिली.