गोड्या पाण्यातल्या झिंग्याचं खारं बाळंतपण

आम्ही मैंदर्गीचे, त्यात घर लिंगायत. मासा आमच्या दारावरून जातो, आत येत नाही. तरी पुतण्याने शेततळ्यात झिंगा सोडायचं डोक्यात घेतलं आणि ‘काका, सोबत चला’ म्हणत मला थेट रत्नागिरीला नेलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय तिथे शिरगावला १९८१पासून आहे. झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र त्याहून जुनं, १९५८चं. केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. शेपटीकडून तोंडाकडे चालत गेलो. मनात एकच, याला तोलायचं कुणी आणि कशात?

खरा गोंधळ उडाला तो बीजाच्या टाक्यांपाशी. मोठा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, म्हणून तर आम्ही आलेलो. पण मादी अंडी पोटाशी धरून खाडीकडे उतरते, पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे मचूळ पाणीच लागतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. इथे गोडं पाणी मिसळून ते १२च्या आसपास आणतात. आमच्या बोअरचं पाणी खारवट म्हणून आम्ही आयुष्यभर कुरकुरलो, आणि इथे मीठ मोजून ठेवतात! एका विद्यार्थ्याने दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर थेंब टाकला. “उजेडाकडे धरा, काका.” वर निळं, खाली पांढरं, दोन्हींच्या सीमेवरचा आकडा म्हणजे खारटपणा. मला आधी नुसतं निळंच दिसलं.

टाकीतली पिल्लं उलटी पोहत होती, पोट वर आणि शेपूट पुढे. मेली की काय म्हणून मी पुतण्याकडे पाहिलं. तर म्हणे, अशीच पोहतात. अकरा अवस्था पार पडल्या की सरळ होतात, तळाला चालायला लागतात, मग हळूहळू गोड्या पाण्यावर आणायचं. त्यांचं खाणं आर्टेमिया. डब्यात तपकिरी पूड, खसखशीहून बारीक. खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवली की दिवसभरात तिच्यातून नारिंगी जीव निघतात आणि दिवा धरला की सगळे उजेडाशी गोळा होतात. खाद्यच जिवंत, तेही आदल्या दिवशी पेरायचं.

मग तिथल्या सरांनी विचारलं, “तळ्यात पाणी किती महिने?” पुतण्या फुशारकीने म्हणाला, “मार्चपर्यंत.” पण आमच्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. त्यात डिसेंबर-जानेवारीची थंडी, तेव्हा झिंग्याची वाढ मंदावते. शिवाय कात टाकून मऊ पडलेल्या झिंग्याला दुसरे झिंगे खातात, म्हणून तळाला लपायला जागा करून द्यायची. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत तळावर ती कुठली?

परतताना पुतण्या जुने टायर आणि पाइपचे तुकडे कुठे मिळतील याचा हिशेब मांडत होता. मी म्हणतो, पहिल्या वर्षी कटला-रोहूची बोटुकली सोडावी. ती तरी सरळ पोहते.