होडीचें बूड

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वर्गाची सहल इसापूरच्या जलाशयावर गेली असतां, कांठावर एक भोई आपली होडी उपडी घालून तिचा तळ काथ्यानें घांसतांना मुलांना दिसला. "सर, जी वस्तु रात्रंदिवस पाण्यांतच असते ती धुवावयाची कशाला?" असें एका विद्यार्थ्यानें विचारलें, आणि सारे हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं.

माझें बालपण वसईच्या पाचूबंदरास मामांच्या घरीं गेलें. मामांची एक लहानशी शिडाची होडी होती. पैनगंगेच्या गोड्या पाण्यांत लांकडावर धरतें तें बहुतेक शेवाळ. खाऱ्या पाण्याची गोष्ट निराळी. नांगरून ठेवलेल्या होडीच्या बुडावर प्रथम बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, आणि थोड्याच दिवसांत बार्नेकल नांवाचे कवचधारी जीव. हा प्राणी बालपणीं मोकळा पोहतो. पुढें डोक्याकडून स्वतःस लांकडाला डकवून घेतो, भोंवतीं चुन्याचें घर बांधतो आणि उरलेला जन्म पायांनीं अन्न ओढून घेत काढतो. डार्विनसारख्या शास्त्रज्ञानें १८४६ पासून आठ वर्षें याच्याच अभ्यासांत घालविलीं! धांवत्या होडीस याचा उपद्रव कमी. उभ्या होडीस फार.

त्यावर उपाय म्हणजे उधाण. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या भरतीबरोबर होडी वर घ्यावयाची, ओहोटी लागली कीं कलती करून टेकू द्यावयाचे, आणि पाणी परतण्यापूर्वीं एक बाजू खरवडून, वाळवून, रंग देऊन मोकळें व्हावयाचें. दुसरी बाजू पुढल्या ओहोटीस. शेवाळ ओलें असतांनाच काढावें. वाळलें कीं तें निघतां निघत नाहीं. बार्नेकलास बोथट पातें तिरकें धरावें लागतें, नाहीं तर लांकूडच सोलून निघतें.

पूर्वीं बुडास चुना व तेल यांचा लेप देत. मामा तांबें असलेला तांबडा रंग देत. इंग्रजांच्या आरमारानें १७६१ मध्यें 'अलार्म' या जहाजाच्या बुडास तांब्याचे पत्रे ठोकले होते. पत्रे खाऱ्या पाण्यांत झिजत, म्हणून हम्फ्री डेव्ही यानें १८२४ मध्यें त्यांस जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. झीज थांबली, पण बार्नेकल पुन्हां दाटले. कारण झिजणारें तांबेंच त्यांचें विष होतें. (दहावीच्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.) पुढें कथिलाच्या संयुगाचे रंग निघाले, ते इतर शिंपल्यांनाही घातक ठरल्यानें २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानें बंद झाले.

मी बारा वर्षांचा असतां होळीच्या पौर्णिमेस मामांनीं एक बाजू माझ्यावर सोंपविली. पाठाणालगतची पट्टी खरवडावयास चिखलांत पाठीवर निजावें लागे. ती मीं तशीच सोडली आणि वरून रंग फांसला.

"झालें का रे सगळें?"

"हो, मामा."

कोणास कळलें नाहीं. म्हणून पुढल्या खेपांनाही तेंच केलें.

मेच्या अखेरीस एके सायंकाळीं आकाश काळवंडलें. इतर होड्या ओहोटीपूर्वीं खाडींत शिरल्या. मामांची जड चाले. ती बाहेरच अडकली. पुढली भरती मध्यरात्रीनंतर होती. मामी कंदील घेऊन किनाऱ्यावर उभी राहिली, आणि मी तिच्या शेजारीं. काय झालें असावें हें त्या सर्वांत मला एकट्यालाच ठाऊक होतें. मामा पहांटेस आले.

पावसाळ्यासाठीं होडी वर ओढली तेव्हां त्या पट्टीची एक फळी ठोकतां पोकळ वाजली. लांकूड पोखरणारा समुद्री किडा आंत शिरला होता. तो खरें तर किडा नव्हेच, शिंपल्याच्या जातीचा प्राणी; बाहेर टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र आणि आंत लांबलचक भुयार. नव्या जाळ्यासाठीं ठेवलेले पैसे फळीस गेले. मामांनीं माझा हात धरून त्या पट्टीवरून फिरविला. तळव्यास रक्त आलें. ते कांहीं बोलले नाहींत.

पुढल्या होळीस त्यांनीं पातें पुन्हां माझ्याच हातीं दिलें. काम संपल्यावर त्यांनीं वांकून पाहिलें नाहीं, एवढेंच विचारलें, "झालें का रे सगळें?"

मीं उत्तर दिलें नाहीं. पाणी गुडघ्याला लागण्यास अवकाश होता. मी पुन्हां एकदां होडीखालीं गेलों.