खोकडाची फी

नातू सुट्टीत आला की संगणकावर 'पर्सोना ४' नावाचा जपानी खेळ खेळतो. मूळ खेळ २००८ सालचा. मी शेजारी बसून प्रश्न विचारते आणि तोही न कंटाळता उत्तरे देतो.

त्यात इनाबा नावाचे काल्पनिक गाव आहे. गावात ज्युनेस हे मोठे दुकान आले आणि जुन्या पेठेतली दुकाने बंद पडू लागली. त्या पेठेत एक ओस पडलेले देऊळ आहे आणि देवळात एक खोकड. (आपण सर्रास कोल्हा म्हणतो, पण कोल्हा वेगळा, खोकड वेगळे. मास्तरकीची सवय, सांगितल्याशिवाय राहवत नाही!)

जपानात खोकड हे इनारी या धान्याच्या दैवताचे दूत. क्योतोचे फुशिमी इनारी देवस्थान इ. स. ७११ पासूनचे सांगतात. या दूतांना तळलेला टोफू आवडतो म्हणे. आपला कोल्हा काकडीला राजी, त्यांचे खोकड टोफूला!

खेळातले खोकड मात्र रोकड मागते. मुले लढून दमली की औषधी पाने देते, पण पैसे मोजून घेते. "आजी, लुटतं गं हे!" इति नातू. पण त्याला देऊळ सावरायचे आहे. लोकांनी लाकडी पाट्यांवर लिहिलेल्या इच्छा ते नायकापुढे आणून ठेवते. त्याने त्या पुऱ्या केल्या की देवळाच्या पेटीत दान पडते. मैत्री वाढत गेली की पानांचा दरही उतरतो.

या खेळात प्रत्येक नात्याला टॅरोचा एक पत्ता आहे. खोकडाचा पत्ता कुठला, तर कंदील घेतलेला एकटा म्हातारा. हे मात्र मला लागले. निवृत्तीनंतर सगळे मायेने म्हणतात, "आता आराम करा." मग हळूहळू कुणी काही मागायलाच येत नाही. देव जागेवरच असतो, मागणारे येईनासे झाले की देऊळ ओस पडते.

सोसायटीतल्या दोन मुली माझ्याकडे व्याकरण शिकायला येतात. फी ठरलेली आहे: दर शनिवारी त्यांनी मला मोबाईलमधले एक काम शिकवायचे. मुलगा म्हणतो, "आई, फुकट शिकव की." नाही शिकवणार. फुकटच्या मदतीचे ओझे होते आणि ओझे वाटले की माणसे यायची थांबतात. फी दिली की त्या ताठ मानेने दार वाजवतात.

गेल्या शनिवारी वीजबिल भरायला शिकले. पुढची फी काय मागावी, सुचवा बरे!