फटफटीवरून कुंझुम

“लोक वैष्णोदेवीला जातात, नैनितालला जातात. तुम्हाला बर्फात फटफटीच कशाला चालवायची आहे?” सासूबाईंचा हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर माझ्याजवळही नव्हतं. आमचे हे कॉलेजात असल्यापासून मनालीहून स्पितीला मोटारसायकलवर जायचं म्हणत होते. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मुलं जाणती झाली, सासूबाईंनी कुरकुरत का होईना घर सांभाळायचं कबूल केलं. मग मागच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, माझी शाळा उघडायच्या आत, आम्ही निघालोच.

मनालीत दोन दिवस नुसते राहिलो. उंचीची सवय झाल्याशिवाय वर जाऊ नये, डोकं धरतं, मळमळतं. मोटारसायकल तिथेच भाड्याने घेतली. थंडीच्या तयारीत माझी एक युक्ती सगळ्यांत उपयोगी पडली. लोकरीच्या हातमोज्यांवर भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी मोजे, आणि पायमोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या! हे आधी हसले. दुसऱ्या दिवशी स्वतःच मागून घेतले.

पूर्वी मनालीहून निघालं की रोहतांगची खिंड ओलांडावीच लागे. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून नऊ किलोमीटरचा बोगदा पार केला की माणूस थेट लाहौलमध्ये. पण कोकसरच्या पुढे ग्रांफूला स्पितीचा फाटा लागला आणि आमचं डांबर संपलं. पुढे नुसते गोटे, चिखल आणि शेजारून गढूळ, खळाळती चंद्रा नदी. हीच चंद्रा पुढे तांदीला भागेला मिळते आणि तिची चिनाब होते, हे मी मुलांना भूगोलात शिकवलं होतं. तिच्या काठाकाठाने हाडं खिळखिळी करत जावं लागेल, असं पुस्तकात कुठेच नव्हतं.

छत्रूच्या पुढे दुपारी तीनच्या सुमारास एक नाला आडवा आला. पाणी गुडघ्याच्या वर, आणि त्याला ओढ अशी की खालचे दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. या नाल्यांचं गणित सोपं आहे. दिवसभर ऊन लागून वरचं बर्फ वितळतं, म्हणून दुपारी पाणी चढतं. रात्री वर सगळं गोठतं, म्हणून पहाटे उतरतं. समोर चार-पाच पोरं आरडाओरडा करत आपल्या गाड्या काढत होती.

“अगं, ही पोरं गेली, मग आपण का नाही?”

“अहो, त्यांची वाट बघायला घरी दोन मुलं नाहीत,” मी म्हटलं, आणि खाली उतरून चक्क एका दगडावर जाऊन बसले.

मैत्रिणींनो, फ्रीज कुठला घ्यायचा इथपासून सत्यनारायण कधी घालायचा इथपर्यंत पंधरा वर्षं मी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणत आलेली बाई. माझं मलाच नवल वाटलं. हे घुश्श्यातच मागे वळले. छत्रूला तंबूत जेवताना डाळभाताखेरीज कशाशी बोलले नाहीत.

सकाळी साडेसहाला त्याच नाल्यात पाणी जेमतेम पोटरीपर्यंत होतं. आता अडचण वेगळीच! रात्री उडालेल्या तुषारांचा दगडांवर काचेसारखा पातळ बर्फ झाला होता. मी जपून चालत पलीकडे गेले. हे पायट्यांवर उभे राहून, पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर कमी न करता आले. मध्येच तो सोडला तर गाडी बंद पडते आणि सायलेन्सरमध्ये पाणी शिरतं. आदल्या दिवसाबद्दल यांनी काही म्हटलं नाही. मीही नाही.

बातलच्या पुढे कुंझुमचा घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर बर्फाच्या कापलेल्या भिंती आणि मध्ये एका ट्रकपुरती वाट. ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत बर्फाचा रबरबीत चिखल. त्यातून दुचाकी नेताना पुढचा ब्रेक दाबायचाच नाही. दाबला की चाक सटकलंच. टायरमधली हवा थोडी कमी केलेली, दोन्ही पाय खाली सोडून, सायकल शिकणाऱ्या पोरासारखे हे चालले होते. मागे ओझं नको म्हणून मी चालत. या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या साठ टक्क्यांहूनही कमी भरतो. इंजिन कण्हत होतं, तशीच मीही.

एका वळणावर मागचं चाक आडवं फिरलं आणि गाडी यांच्या पायावर पडली.

धावावंसं वाटलं, पण दहा पावलांत छाती भरून आली. जाऊन आधी किल्ली फिरवली, कारण टाकीतून पेट्रोल गळायला लागलं होतं. फोनला रेंज नाही. यांचा चेहरा पांढराफटक. गाडी पुढून ओढून उचलत नाहीत, हे यांनीच मनालीत शिकवलं होतं. गाडीकडे पाठ करायची, गुडघे वाकवून एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरायची, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उभं राहायचं. पहिल्यांदा हलली नाही. दुसऱ्यांदा वीतभर उचलली, तेवढ्यात यांनी पाय ओढून घेतला. तिसऱ्या खेपेला वरून रस्त्याचे मजूर फावडी टाकून धावत आले. झारखंडहून आलेली ती माणसं बर्फावर खडी पसरत होती. त्यांनी गाडी उभी केली, वर गोड काळा चहाही पाजला.

बूट काढायला मी बंदी केली. काढला असता तर सुजेमुळे परत चढला नसता.

कुंझुमला, ४,५५१ मीटरवर, देवीचं मंदिर आहे आणि पताकांचा नुसता फडफडाट. येणारी वाहनं मंदिराला प्रदक्षिणा घालतात, तशी आमच्या फटफटीनेही लंगडत लंगडत घातली. तिथल्या शिळेवर मन शुद्ध असेल त्याचं नाणं चिकटतं म्हणतात. यांचं दोनदा पडलं. मी लावून पाहिलंच नाही.

पुढचा उतार लोसरपर्यंत मी मागे बसून होते, पण आता वळणावर हे विचारत होते, “जाऊ का?”

लोसरला एका घरात उतरलो. माझ्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या बांधून घोटा आवळला. दुसऱ्या दिवशी काझाला डॉक्टरांना दाखवलं. हाड शाबूत होतं. संध्याकाळी घरी फोन लागला. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “कुठे पडलाबिडलात नाही ना रे?”

“छे छे, आई,” हे म्हणाले. पाय तेव्हा मिठाच्या कोमट पाण्याच्या घमेल्यात होता.