पेडलचा प्ले

काही दोष इतक्या हळूहळू वाढतात, की ते वापरणाऱ्याच्या सवयीत विरघळून जातात. जुन्या मोटारीचा क्लच हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

मारुती ८०० चे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले. आमची गाडी २००८ सालची. तिच्या क्लचची रचना साधी आहे. पेडलपासून गिअरबॉक्सवरच्या तरफेपर्यंत एक वायर जाते. पेडल दाबले की वायर तरफ ओढते, बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाबले जाते, क्लचप्लेट मोकळी होते आणि इंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने वायर सैल पडते. मग पेडलचा बराचसा प्रवास ती ताणण्यातच खर्च होतो. प्लेट पुरती सुटते ती पेडल तळाला टेकल्यावर, आणि पाय जरा उचलताच पुन्हा पकडते. नेहमीचा चालक नकळत पाय शेवटपर्यंत रेटायला शिकतो. दोष गाडीत असतो, भरपाई पाय करीत असतो.

नव्या पायाला ही तडजोड ठाऊक नसते. मुलगी गंगापूर रोडच्या पुढे, धरणाच्या बाजूला गाडी शिकू लागली तेव्हा रिव्हर्स टाकताना गिअर करकरत, आणि पुढे निघताना गाडी धक्का खाऊन बंद पडे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आई, मला हे जमणार नाही.” वर्गात हे वाक्य नेहमी ऐकू येते, आणि शिक्षकाजवळ त्याचे तयार उत्तर असते: सराव कर. येथे मात्र सरावाने ती एवढेच शिकली असती, की बिघडलेल्या यंत्राशी जुळवून कसे घ्यावे.

सातपूरच्या गॅरेजमधल्या मिस्तरींनी पेडल एकदा दाबून पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, पोरीचा पाय बरोबर आहे. क्लच खाली पकडतोय. वर घेऊ.” वायरचे धागे तुटलेले नाहीत, तरफ अडकत नाही, हे त्यांनी आधी तपासले; तुटू लागलेली वायर ताणून उपयोग नसतो, ती बदलावीच लागते. मग वायरच्या टोकाचा नट थोडाथोडा आवळत, दर वेळी पेडल दाबून पाहत, त्यांनी क्लच वर आणला आणि एका जागी हात थांबवला.

“काका, सगळीच ढिलाई काढून का टाकत नाही?” मुलीने विचारले.

“थोडा प्ले ठेवायचाच. नाहीतर बेअरिंग कायम टेकून राहतं, प्लेट घसरते नि जळते.”

या उत्तरात दुरुस्तीचे सारे मर्म आहे. अशा क्लचमध्ये प्लेट झिजते तसतसा प्ले आपोआप कमी होत जातो. म्हणजे ती रिकामी जागा पुढच्या झिजेसाठी राखून ठेवलेली असते. अतिढिलाईने संबंध सुटत नाही, अतिताणाने तो धड जुळत नाही. शिकवण्याच्या व्यवसायात असलेल्यांना या दोन्ही टोकांची ओळख वेगळी करून द्यायला नको. ‘जमत नाही’ म्हणणाऱ्याचा पाय तपासण्याआधी त्याच्या पायाखाली आपण काय दिले आहे, ते पाहणे भाग आहे.

परतताना गाडी तिनेच चालवली. पहिल्या चढावर बंद पडली नाही; दुसऱ्यावर पडली. ती चूक मात्र तिच्या पायाची होती, आणि तिला तिचे फारसे दुःख झाले नाही.