जमीन दारासमोरील

मोडी लिपीचा ऑनलाईन वर्ग लावला तो लॉकडाऊनमध्ये. तेव्हा कोण काय शिकत नव्हतं! संस्थेचं नाव घेत नाही. शिकवणारे सर खरोखर विद्वान. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला जे कुलूप घातलं गेलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी झूमवर वर्ग. सगळ्यांचे कॅमेरे बंद, माईक बंद. चुकून एखादा चालू राहिला की कुकरची शिट्टी, आणि लगेच ‘प्लीज म्यूट करा’. सर आधी आडवी रेघ ओढायचे आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अक्षरं घरी एकट्यानं गिरवता येतात, कागद वाचायला मात्र शेजारी कुणीतरी लागतं.

बेळगावच्या एका ताईंनी ग्रुपवर फोटो टाकला. आजोबांच्या ट्रंकेतला कागद. ‘पहिली ओळ तरी कुणी लावून देईल का?’ आम्ही तुटून पडलो. एक म्हणतोय ‘श्री’, दुसरा म्हणतोय छे. इतके दिवस नुसती नावं असलेली माणसं पहिल्यांदाच बोलायला लागली होती.

सकाळी उठून पाहते तर चर्चा बंद. ‘हा ग्रुप केवळ सूचनांसाठी आहे’, आणि त्याखाली फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी पट्टी. व्हॉट्सॲपनं ही सोय 2018 मध्ये दिली. तेव्हापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपासून सगळ्यांच्याच हातात दांडका आलाय. ताईंना साधी विचारणाही नाही. मोडीसाठी फी घ्यायची आणि मोडी वाचली म्हणून तोंड बंद करायचं! कारण काय, तर मग लोक गुड मॉर्निंग पाठवतात. पाठवेनात का!

नागपूरच्या एका निवृत्त तलाठी काकांनी त्याच ग्रुपमधून एकेकाचा नंबर उचलून दुसरा ग्रुप काढला. फुकटचं झूम चाळीस मिनिटांनी तुटायचं, आम्ही पुन्हा जोडायचो. ताईंच्या कागदावर अरबी आकड्यांतली तारीख होती ‘खमस मयातैन अलफ’. न्यू जर्सीच्या एकानं सकाळचा चहा घेता घेता हिशोब केला: सुहूर सन 1205, त्यात 599 मिळवा, म्हणजे 1804. पुढे सलग ‘जमीनदारासमोरील’. झालं! निम्मे म्हणाले, जमीनदारासमोर काहीतरी करार झालाय. निम्मे म्हणाले, जमीन, दारासमोरील. झूम दोनदा तुटलं तरी भांडण तुटेना. शेवटी काका म्हणाले, ‘अरे, खाली चतुःसीमा आहेत ना? पूर्वेस ओढा, दक्षिणेस वाट. जमीनदाराला कुणी ओढ्यानं बांधत नाही.’ ताई इतक्या हसल्या की माईक बंद करायचं विसरल्या.

आता खरं सांगते, काकांच्या त्या ग्रुपवर आज रोज वाढदिवसाचे केक आणि राजकारणाचे फॉरवर्ड येतात. मीच तो म्यूट करून ठेवलाय. ‘फक्त ॲडमिन’ करावं असं माझ्याही मनात येऊन गेलं. पण मोडी वाचणारे जे आम्ही उरलोय ते त्याच ग्रुपमधले.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे, कापडात बांधलेले रुमालच्या रुमाल आहेत, वाचणारे मोजके. तेव्हा वर्ग चालवणाऱ्यांनो, आठवड्यातला एक तास सरांशिवाय ठेवा. पाच-पाच जणांना एकेक कागद द्या, माईक चालू ठेवा आणि भांडू द्या. शिट्टी वाजली तर वाजू दे.