झाडांचे फसली साल

बहुतेक सणांच्या मुळाशी एखादी दैवी लीला, एखादा विजय नाही तर एखादे पीक सापडते. परंतु ज्याचा जन्म निव्वळ महसुलाच्या हिशेबातून झाला असे निःसंकोच म्हणता येईल, असा सण माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, घरी हिब्रू पंचांगातील शबात महिन्याच्या पौर्णिमेस, म्हणजे पौषात किंवा माघात, आंब्यांना मोहोर फुटत असताना येतो. जगभरचे यहुदी त्या दिवसाला वृक्षांचा नववर्षदिन मानतात. आम्ही मात्र लहानपणी झाडांचे नाव त्या दिवसाशी जोडल्याचे मला आठवत नाही. आमच्या दृष्टीने तो एलियाहू हन्नाबीचा उरूस होता, आणि एलियाहू हन्नाबी हा कोण्या दूरदेशीचा प्रेषित नसून अलिबागेच्या बाजूचाच, हाकेला धावून येणारा कोणी वडीलधारा आहे, अशी आमची पक्की समजूत होती.

या समजुतीला आधार होता. आमचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, सात जोडपी तेवढी जिवंत राहिली, आणि अचेतन पडलेल्या त्या जीवांना एलियाहूने सावध केले, अशी कथा आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आणि पुढे केव्हातरी तो खंडाळे गावी (घाटावरचे खंडाळा नव्हे, अलिबागजवळचे खंडाळे) पुन्हा प्रकटून आपल्या रथातून स्वर्गास गेला, त्याच्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा तिथल्या खडकावर उमटल्या, असेही सांगतात. त्या खडकाशी शबाताच्या पौर्णिमेस नवस फेडायला माणसे जमत. बैलगाड्यांतून, पुढे मोटारींतून, पेण-पनवेलीपासूनची मंडळी येत. बायकांच्या हातांत मलिद्याची ताटे असत, आणि आसपासच्या शेतांतून वालाच्या शेंगांचा ओला, किंचित उग्र दर्प येत असे.

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोड्याची पूड आणि जमेल तितका सुका मेवा; आणि त्या ढिगाभोवती मांडलेली फळे. केळी, पेरू, चिकू, संत्री हे आपापल्या ऐपतीप्रमाणे. खजूर मात्र हटकून असे. तोरेत, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, पवित्र भूमीची म्हणून जी सात पिके सांगितली आहेत, गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, जैतून आणि खजूर, त्यांपैकी आमच्या ताटात नियमाने हजेरी लावणारा हा एकटाच, आणि तोदेखील बसऱ्याकडून जहाजाने मुंबईस उतरून वाण्याच्या दुकानातून आलेला. आशीर्वादाचे हिब्रू शब्द म्हटले जात तेव्हा झाडाच्या फळांचा आशीर्वाद वेगळा आणि केळ्याचा वेगळा असे. कारण धर्मशास्त्र केळीला वृक्ष मानीत नाही, तिचा बुंधा दरसाल नवा येतो म्हणून तिचे फळ भूमीच्या उत्पन्नात जमा होते. सब्ज्याच्या डहाळीलाही सुगंधाचा म्हणून स्वतंत्र आशीर्वाद होता. ही वर्गवारी बालपणी मला विलक्षण आवडे. परमेश्वराच्या दरबारीसुद्धा बाबवार नोंदी ठेवल्या जातात, या कल्पनेने आमच्या आजोबांना तर फारच संतोष होत असावा, कारण ते मामलेदार कचेरीत कारकून होते आणि दप्तराच्या रुमालाची गाठ ते जितक्या भक्तिभावाने सोडीत, तितक्या भक्तिभावाने मी त्यांना प्रार्थनेचे पुस्तक उघडतानाही पाहिलेले नाही.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईस आल्यावर मशिदीत, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये (आम्ही जुनी माणसे त्याला मशीदच म्हणत असू), प्रार्थना चालवणाऱ्या एका वृद्ध हज्जानांच्या तोंडून या सणाचा खरा शास्त्रार्थ कानी पडला. मिश्ना या जुन्या धर्मशास्त्रसंहितेतील नववर्षावरच्या प्रकरणाचा आरंभच असा आहे की वर्षारंभ चार आहेत: राजांच्या कारकिर्दी मोजण्याचा एक, गुरांच्या दशांशाचा दुसरा, सालगणनेचा तिसरा, आणि वृक्षांचा चौथा. हा चौथा केव्हा धरावा यावर दोन पंडितशाळांत वाद होता. शंमायचे अनुयायी शबाताची प्रतिपदा सांगत, हिल्लेलचे अनुयायी पौर्णिमा, आणि कौल पौर्णिमेचा झाला. पवित्र भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो. शबात अर्धा होईपर्यंत बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो, झाडांत नवा रस चढू लागतो. तेव्हा या तिथीपूर्वी धरलेले फळ गतसालाच्या पाण्याचे, नंतर धरलेले चालू सालाचे, असा तो निवाडा. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देताना एका सालाच्या फळांचा भरणा दुसऱ्या सालाच्या फळांतून करता येत नसे. शिवाय सात वर्षांच्या चक्रात काही सालांचा दुसरा दशांश यरुशलेमेत नेऊन खावयाचा, काही सालांचा गोरगरिबांस वाटावयाचा, म्हणून साल कोणते हे ठरवणे अगत्याचे होते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे देवदूत उभे राहिले नाहीत. आजोबांचे टेबल उभे राहिले. मृग नक्षत्रापासून सुरू होणारे फसली साल, जमाबंदी, सारा, तहशील, मागील बाकी आणि चालू बाकी, हे सगळे शब्द ज्या घरात जेवताना कानांवर पडत त्या घरच्या मुलाला हिल्लेल आणि शंमाय हे दोघे मोठ्या हुद्द्याचे महसुली अंमलदार वाटले तर त्यात नवल ते काय! आणि माझे मत आजही पुष्कळसे तेच आहे. झाडांविषयीच्या कोमल भावना नंतर आल्या. आधी आला तो हिशेब, आणि मला वाटते की हिशेबात ज्याचे नाव असते त्याच्यावर कुऱ्हाड उगारण्यापूर्वी मनुष्य थोडा विचार करतो. शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही त्याची फळझाडे तोडू नयेत अशी स्पष्ट आज्ञा तोरेत आहे. तिच्यामागे करुणा किती आणि व्यवहार किती, हे वेगळे काढण्याचा मी कधी प्रयत्न केला नाही.

इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमेचे मंदिर उद्ध्वस्त केले. ज्या दशांशाचा मोठा भाग तिथल्या याजक-सेवकांच्या निर्वाहाचा, त्याचे ठाणेच उठले. लोक देशोधडीला लागले. आणि तरीही तारीख तेवढी पंचांगात उरली. वसुली बंद झाल्यावर साऱ्याच्या तारखेचे लोक काय करणार? काहींनी त्या दिवशी फळे खाण्याचा प्रघात पाडला. पुढे सोळाव्या शतकात गालीलातील सफेद नावाच्या गावी गूढवाद्यांचे मंडळ नांदले, आणि त्यांच्या परंपरेतून या दिवसाचा सविस्तर विधी निपजला: द्राक्षारसाचे चार पेले, पहिला पांढरा आणि शेवटचा तांबडा, आणि फळांचे वर्ग, वरून टणक कवचाची, आत आठळी असलेली, आणि सगळीच्या सगळी खाता येणारी. त्या विधीचे वर्णन वाचताना मनात आले की नारळाची जागा पहिल्या वर्गात निर्विवाद आहे, आणि कोकणात वसलेल्या यहुद्याने आपल्या ताटात तो ठेवताना कोणत्याही गूढवाद्याची परवानगी घेतलेली नव्हती.

झाडे लावण्याची चाल तर अगदी अलीकडची. 1890 मध्ये झिखरोन याकोव्ह या वसाहतीतील एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या दिवशी वृक्षारोपण केले, आणि त्याचे पाहून इतर शाळांनी. तिकडे तो पावसाळा. माती ओली असते. आम्ही मात्र जन्मात त्या दिवशी एक रोपही लावले नाही, आणि लावले असते तर शेजारच्या आगरी कुळांनी आमच्या अकलेची कीव केली असती; कोकणात माघात रोप लावणे म्हणजे विहिरीचा दोर कायमचा गळ्यात अडकवून घेणे होय.

माझी थोरली बहीण लग्नानंतर इस्रायलला गेली आणि नेगेवमधील एका गावात स्थायिक झाली. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी तिच्याकडे राहावयास गेलो, तेव्हा शबाताच्या पौर्णिमेस शाळकरी मुले रांगेने रोपे लावताना पाहिली, आणि त्याच संध्याकाळी ताईच्या घरी, भारतीय दुकानातून आणलेल्या पोह्यांचा मलिदा, केळ्याच्या वेगळ्या आशीर्वादासकट. तिकडची आमची मंडळी नवस फेडायला आता हैफाला, कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एलियाहूच्या गुहेला जातात. मला कौतुक वाटले ते याहून निराळ्या गोष्टीचे. तिथे ती तारीख पुन्हा कामावर रुजू झाली आहे. बाजारात जाणाऱ्या फळांतून शेकडा एकाहून किंचित अधिक हिस्सा धर्माधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली बाजूला काढतात. तो स्वीकारणारे मंदिर नाही, तेव्हा तो बाद करतात, पण काढतात. आणि नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळे निषिद्ध, हा नियम परसातल्या झाडालाही चुकत नाही.

ताईच्या परसात तिने स्वतः लावलेले लोकाटाचे झाड होते. ते चौथ्या वर्षात होते, आणि वसंतात पिवळ्या घोसांनी लदलेले पाहून मी हात पुढे केला, तर तिने तो धरला. लोकाट हिवाळ्यातच फळ धरते. ही फळे शबाताच्या पौर्णिमेपूर्वी धरलेली, सबब मागील सालाची, सबब निषिद्ध. पुढच्या हंगामाची एका नाण्याच्या मोबदल्यात सोडवून खाता येतील, असे तिने सांगितले. जन्मात कचेरीची पायरी न चढलेली माझी बहीण हे कलम आजोबांच्याच स्वरात सांगत होती. घोस झाडावरच राहिले आणि बुलबुलांनी त्यांचा फडशा पाडला. आपण होऊन ती त्यांना दिली तर दोष, पण त्यांनी परस्पर खाल्ली तर नाही, असे तिचे म्हणणे. पाखरे येतात हे ठाऊक असून त्यांना न हाकलणे म्हणजे देणेच होय, असे माझे. हा तंटा मी परत निघेपर्यंत मिटला नव्हता, आणि पत्रांतून तो आम्ही पुढे कित्येक वर्षे चालवला.